नऊ यूचा भिंतीवरचा रॅक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेच्या कोकणातील शाखेत नऊ यू उंचीचा (यू हे अशा रॅकची उंची मोजण्याचे एकक), ४५० मिमी खोलीचा भिंतीवरचा रॅक बसवून आता आठ महिने झाले. त्यापूर्वी नेटवर्कचा स्विच, फायबरचा मोडेम आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर कपाटाच्या डोक्यावर एकावर एक रचलेले असत आणि झाडताना कोणाचा तरी हात लागला की ऐन गर्दीत काउंटर बंद पडत असे.

रॅकविषयी माझी फारशी तक्रार नाही. आहे ती तो बसवणाऱ्याविषयी, आणि उभे राहून बघत बसलेल्या माझ्याविषयीही. खोक्यावर ६० किलो असे छापले होते, परंतु ती पत्र्याची ताकद होती, भिंतीची नव्हे. आमची भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची, आणि कारागिराने त्यात साधे प्लॅस्टिकचे प्लग ठोकून स्क्रू आवळले. तिसऱ्या आठवड्यात रॅकच्या वरच्या कडेमागे पासबुक सरकवता येईल एवढी फट दिसली. वजन भिंतीपासून जितके पुढे, तितके वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात. खालच्यांवर तो ताण येत नाही. अखेर सगळे उतरवून भिंतीतून आरपार बोल्ट घातले व पलीकडून लोखंडी पट्टी लावली. यूपीएस तेव्हापासून जमिनीवरच्या चौरंगावर आहे आणि तिथेच राहील.

दुसरी चूक केज नटची, म्हणजे रॅकच्या चौकोनी भोकात अडकवायच्या नटची. रॅकच्या उभ्या पट्टीवरील चौकोनी भोके सारख्या अंतरावर नसतात: एका यूमध्ये, म्हणजे ४४.४५ मिमी उंचीत, तीन भोके १५.९ मिमी अंतराने असतात आणि पुढच्या यूचे पहिले भोक १२.७ मिमीवर येते. यूची सीमा या जवळच्या दोन भोकांच्या मधोमध असते. कारागिराने एक भोक सोडून सुरुवात केली, त्यामुळे स्विचच्या कानांशी (दोन्ही बाजूंच्या, स्क्रू लावायच्या पट्ट्यांशी) नट जुळेनात, आणि त्याने स्क्रू तिरपा घालून तसाच दामटला, आटे गेले. मी नंतर पेन्सिलीने प्रत्येक यूची सीमा आखून घेतली. नट स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बसवू नये, तो निसटून डोळ्याकडे उडतो. त्यासाठी सोबत मिळणारा आकडा (हूक) वापरावा. माझ्या अंगठ्याचे नख महिनाभर काळे होते.

रेकॉर्डरला कान नसल्याने तो ट्रेवर ठेवावा लागला. फक्त पुढून अडकवलेला ट्रे मागच्या बाजूने झुकला, म्हणून मागच्या पट्टीलाही आधार मिळेल असा ट्रे घेतला.

अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर लावताना सांगाड्यावरचा रंग खरवडणे आवश्यक आहे, कारण रंगावर आवळलेला बोल्ट घट्ट दिसतो, पण जोड होत नाही. दारालाही वेगळी वायर द्यावी, बिजागरीवर विसंबू नये.

पावसाळ्यात आतल्या केबलींवर मुंग्यांनी रांग धरली आणि सोबत आलेले दोन स्क्रू गंजले. ते स्टेनलेसचे घातले. वरचे पंखे चालतात, मात्र त्यांची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करावी लागते. केबली आम्ही प्लॅस्टिकच्या टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधल्या, हा एकच निर्णय पहिल्या दिवशी योग्य ठरला.

कुलूप मात्र नावापुरतेच आहे: दुसऱ्या शाखेतल्या रॅकची किल्ली त्याला बिनदिक्कत लागते.