मोडेमचा ‘दुप्पट वेग’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या एकाच डायल-अप जोडणीवर आमचे तीन संगणक चालत आणि वेग पुरत नसे. खास सेटिंग करून ५६ केच्या (सेकंदाला ५६,००० बिटांच्या) मोडेमचा, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणाऱ्या उपकरणाचा, वेग दुप्पट करून देतो, असे सांगणाऱ्या एका तंत्रज्ञाने आगाऊ पैसे घेतले, मोडेमच्या आज्ञांमध्ये फेरफार केला, क्रमांक फिरवला आणि पडद्यावर उमटलेला १,१५,२०० हा आकडा अभिमानाने दाखवला.

तो आकडा खोटा नव्हता आणि खरी मेख तिथेच आहे. १,१५,२०० बिट प्रति सेकंद हा संगणक आणि मोडेम यांच्यामधील सिरियल पोर्टचा वेग असतो. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या माहितीला व्ही.९० या मोडेमच्या मानकाने सेकंदाला ५६,००० बिटांची, तर जाणाऱ्या माहितीला ३३,६०० बिटांची कमाल मर्यादा घातलेली आहे. पोर्टचा वेग तारेपेक्षा जास्त ठेवणे योग्यच असते, कारण व्ही.४२बिस या माहिती आकुंचित करण्याच्या पद्धतीने दाबून पाठवलेला मजकूर मोडेममध्ये उलगडला की त्याचे आकारमान वाढते. मात्र आधीच झिप केलेल्या, म्हणजे आकुंचित असलेल्या, फायलींना याचा लाभ मिळत नाही.

जोडणी झाल्यावर तारेवरचा खरा वेग कळवणारी ‘डब्ल्यू २’ ही आज्ञा आमच्या मोडेममध्ये होती. त्याने ती ‘डब्ल्यू ०’ केली, त्यामुळे तारेऐवजी पोर्टचा वेग दिसू लागला; म्हणजे गाडी तीच ठेवून वेगाचा काटा तेवढा बदलला. याहून संतापजनक गोष्ट अशी, की वापर नसताना जोडणी आपोआप तोडण्याची मुदतही त्याने काढून टाकली होती, त्यामुळे तिन्ही संगणक रिकामे असतानाही कॉल सुरू राहत असे आणि टेलिफोनचे बिल वाढत जाई.

असा दावा कोणी केला, तर बाकीचे संगणक थांबवून १ मेगाबाइटची झिप फाइल त्याच्यासमोरच उतरवून पाहावी. पूर्ण ५६,००० बिटांचा वेग मिळाला तरी तिला सुमारे अडीच मिनिटे लागतात. दावा खरा असता, तर ती सव्वा मिनिटात उतरली असती.

‘एटी अँड एफ’ या आज्ञेने आम्ही मोडेम मूळ स्थितीत आणला, ‘डब्ल्यू २’ पुन्हा दिली आणि जोडणी तोडण्याची मुदत पूर्ववत केली. पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर केवळ ‘मोडेम सेटिंग’ एवढेच लिहिलेले होते आणि सेटिंग तर त्याने केलेच होते.