पायइन्स्टॉलर : डिचोलीच्या काजू दुकानातील अनुभव

गोव्यातील डिचोलीच्या एका काजू व्यापाऱ्यासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बिलांचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुकानातील विंडोज संगणकावर पायथन नव्हते व ते बसवण्यास मालक राजी नव्हते, म्हणून सगळे एका फोल्डरात बांधून देणारे पायइन्स्टॉलर हे विनामूल्य साधन घेतले. ते मी इतरांनाही आवर्जून सुचवीन. मात्र त्याची काम करण्याची रीत आधी समजून घ्यायला हवी.

घरच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम दुकानात उघडताच काळी विंडो क्षणभर दिसून मिटली. कमांड प्रॉम्प्टमधून चालवल्यावर ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ (मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा कोडचा वेगळा भाग, सापडले नाही) आणि पुढे ओपनपायएक्सेल हे एक्सेल फाइली हाताळणाऱ्या मॉड्यूलचे नाव वाचता आले. बांधणीच्या वेळी बिल्ड फोल्डरात ‘वॉर्न’ने सुरू होणारी एक मजकूर फाइल तयार होते, न सापडलेले मॉड्यूल कोणते आणि ते कुठून मागवले गेले, हे तिच्यात लिहिलेले असते. पीडब्ल्यूडी, जीआरपी ही युनिक्स या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या मॉड्यूलची नावे विंडोजवर त्या यादीत येतातच, त्यांच्यापुढे ‘ऑप्शनल’ (नसले तरी चालणारे) किंवा ‘डिलेड’ (गरज पडली तरच मागवले जाणारे) असा शेरा असेल तर काळजीचे कारण नसते. ओपनपायएक्सेलपुढे मात्र ‘टॉप-लेव्हल’ (सुरुवातीलाच मागवले जाणारे) असा शेरा होता. ते व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये, होते आणि पायइन्स्टॉलर बाहेरच्या पायथनमध्ये. दोन्ही एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये आणल्यावर ती चूक मिटली.

दुसरी चूक अधिक चिवट निघाली. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा काजूच्या प्रतींसाठी मी दरांची स्वतंत्र मॉड्यूल केली होती आणि प्रोग्रॅम चालू असताना नाव जुळवून ती पायथनमधील इम्पोर्टलिब या सोयीने उघडत होतो. पायइन्स्टॉलर आपला प्रोग्रॅम चालवून पाहत नाही, त्यातील इम्पोर्टची, म्हणजे मॉड्यूल मागवण्याची, विधाने तेवढी शोधते; त्यामुळे ऐनवेळी जुळवलेले नाव त्याला कळत नाही आणि वॉर्न फाइलमध्येही त्याची नोंद होत नाही. या साधनाची खरी उणीव मला इथे जाणवली. बांधणीच्या सूचना असलेल्या स्पेक फाइलमधील ‘हिडनइम्पोर्ट्स’ यादीत ती नावे लिहिली, तेव्हा कुठे पहिले बिल छापले गेले. यानंतरची प्रत्येक बांधणी स्पेक फाइलवरूनच करावी; मूळ पायथन फाइल पुन्हा दिली, तर स्पेक नव्याने लिहिली जाते आणि आपली यादी पुसली जाते.

सगळे एकाच फाइलमध्ये बांधण्याचीही सोय आहे, पण ती फाइल दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडते व प्रोग्रॅम सुरू व्हायला उशीर लागतो. दुकानातील जुन्या संगणकावर मी फोल्डरच ठेवला आहे.