व्हिएतनामच्या गरीब कुटुंबांसाठी: तिथे जावं की इथूनच कर्ज द्यावं?

‘किवा’ या गरजूंना छोटी कर्जं देण्याच्या संकेतस्थळावरून घरबसल्या २५ डॉलरपासून कर्ज देता येतं. व्याज मिळत नाही, पैसे बुडूही शकतात. पण परत आले की तीच रक्कम पुढच्या कुटुंबाला देता येते.

स्वयंसेवक म्हणून जायचं तर विमान, व्हिसा, राहणं आलं. शिवाय कर्ज वाटण्याचं काम तिथल्या बायका स्वतःच चोख करतात. व्हिएतनाम महिला संघाने १९९२ मध्ये सुरू केलेली ‘टीवायएम’ ही संस्था, गरीब बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या बांगलादेशातल्या ‘ग्रामीण बँके’च्या धर्तीवर कर्ज देते, बचतीची सवयही लावते. भाषा न येणारा पाहुणा दोन आठवड्यांत अशा कामात काय करणार? उलट त्याच्यासाठीच दुभाषा शोधावा लागतो. हिशेब किंवा संगणकाचं प्रशिक्षण देता येत असेल आणि काही महिने राहायची तयारी असेल, तर मात्र जरूर जा. एरवी तिकिटाचे पैसे कर्जातच घाला.