१४ हजारांचा फोन, बीजीएमआय आणि 'जायरो' : गणपतीपासून आतापर्यंतचा अनुभव

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तक्रार अजून चालू आहे. कॅमेरा, डिस्प्ले वगैरेवर सगळ्यांनी लिहून झालंय, ते ठीकच आहे, बॅटरी तर खरंच दीड दिवस जाते. मी लिहितोय फक्त जायरोस्कोपबद्दल (फोन कसा फिरतोय ते ओळखणारा सेन्सर, थोडक्यात जायरो), कारण फोन घेतलाच होता त्याच्यासाठी.

मी चाकणला शिफ्टमध्ये कामाला आहे. रात्री जेवण झालं की बीजीएमआयच्या, म्हणजे मोबाइलवरच्या बंदुकींच्या ऑनलाइन गेमच्या, दोन मॅच, फार तर तीन. २०२१ ला गेम आला तेव्हापासून खेळतोय, २०२२ च्या जुलैत तो स्टोअरवरून गेला, २०२३ च्या मे मध्ये परत आला तेव्हा पहिल्याच दिवशी टाकला. रँक प्लॅटिनमच्या, म्हणजे मधल्या पायरीच्या, वर टिकत नाही. समोरचा लांबून एम४१६ बंदुकीला सिक्स एक्स (सहापट जवळ दाखवणारी दुर्बीण) लावून सलग गोळ्यांचा स्प्रे मारतो आणि त्याची गन जागची हलत नाही, आपली आभाळात जाते. ही पोरं फोन किंचित तिरका करून रिकॉइल (झटक्याने वर जाणारी गन) खाली ओढतात. माझ्या जुन्या फोनमध्ये जायरोच नव्हता. म्हणून नवीन घेताना खोक्यावर 'जायरोस्कोप' छापलेलं बघूनच पैसे मोजले.

पहिले काही दिवस खूश होतो. रेड डॉटवर (दुर्बीण नसलेली साधी साइट) जवळची फाईट सुधारली. पण फोर एक्स लावला की नेम हाताच्या मागून यायचा, आणि हात थांबला तरी थरथरत राहायचा. यूट्यूबवरचे सेन्सिटिव्हिटी कोड (दुसऱ्यांच्या तयार सेटिंग) टाकून बघितले, फरक नाही. मग बायकोने चुंबकवालं फ्लिप कव्हर आणलं, ते लावल्यावर नेम आपोआप डावीकडे सरकायला लागला, आणि इथे मला शंका आली, कारण खरा जायरो फोन किती वेगाने फिरतोय ते मोजतो, त्याला चुंबकाशी काही घेणंदेणं नसतं. सेन्सरची यादी दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकलं तर जायरोस्कोपच्या पुढे स्वच्छ लिहिलेलं, 'व्हर्च्युअल'. म्हणजे आत जायरोची चिपच नाही. ॲक्सिलरोमीटर (फोनची हालचाल आणि कल ओळखणारा सेन्सर) आणि होकायंत्राचा सेन्सर यांच्यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि तो अंदाज गेमला देतं.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने कॉल लावून बघितला, टच बघितला, म्हणाला फोन ओके आहे सर, गेमिंगची तक्रार आम्ही घेत नाही. म्हटलं मी गेमची तक्रार करतच नाहीये, खोक्यावर छापलेली वस्तू आत नाही याची करतोय. शेवटी जॉबशीटवर 'दोष आढळला नाही' लिहून परत पाठवलं. अर्धा दिवस रजा गेली.

तोपर्यंत माझं ठाम मत होतं की आमच्यात आणि त्या हार्डकोअर पोरांत फरक आहे तो फोनचा. दिवाळीत भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे, एसला, म्हणजे बऱ्याच वरच्या रँकला, खेळतो, आणि ते मत बदललं. त्याने माझाच फोन घेतला, जायरो बंद केला, चार बोटांचा क्लॉ (दोन अंगठे आणि दोन तर्जन्यांनी खेळायची पकड) लावला आणि पहिल्या मॅचला लॉबी, म्हणजे मॅचमधले बाकी सगळे, साफ केली. मी शेजारी बसून बघत होतो. इअरफोनमध्ये पावलांचा आवाज आला की समोरचा वरच्या मजल्यावर आहे का जिन्यात, हे त्याला लगेच कळतं. झोन (सुरक्षित वर्तुळ) सरकायच्या आधीच हा निघालेला असतो. म्हणाला, "मामा, गन नंतर. आधी तो कुठून येणार ते बघ." हे काही सेन्सरमधून येत नाही, तासन् तास खेळून येतं. रँकचंही तसंच, पॉइंट नुसत्या किलचे नाहीत, किती वेळ जिवंत राहिलात त्याचेही असतात, त्यामुळे जो जास्त मॅच खेळतो तो वर सरकत जातो. आणि सीझन बदलला की सगळ्यांचे टियर (रँकच्या पायऱ्या) खाली येतात, मग पहिले काही दिवस हीच पोरं आमच्या लॉबीत असतात. मी आता तेवढे दिवस रँक्ड खेळतच नाही, टीडीएम (टीम डेथमॅच, दोन टीमची छोटी लढत) खेळतो.

मग जायरोवरचा राग कमी झाला का? उलट वाढला. भाच्याला जायरो नसला तरी चालतं, कारण त्याच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे तो नाही आणि विकत मिळत नाही, विकत मिळतो तो सेन्सर, आणि नेमका तोच खोटा दिला. महागड्या फोनला ९० एफपीएस (सेकंदाला ९० चित्रं) मिळतात, माझ्याला ६०, म्हणजे त्याला नवं चित्र ११ मिलिसेकंदांनी दिसतं आणि मला जवळपास १७ नी. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ते उघड लिहिलेलं होतं, मी कमी पैसे देऊन कमी घेतलं. पण जायरोचे पैसे मी दिलेत.

१९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. त्यानंतर कंपनीकडून फोन आला, वरचं मॉडेल घ्या, फरकाची रक्कम भरा म्हणाले. मी नाही म्हणालो, जायरो आहे की नाही तेवढं लेखी द्या म्हटलं. अजून आलेलं नाही.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानातल्या डेमो पीसवर सेन्सरवालं ॲप टाकून बघा, दुकानदार कुरकुरला तरी. जायरोच्या पुढे बॉश किंवा दुसऱ्या चिपवाल्याचं नाव आणि मॉडेल नंबर दिसला पाहिजे, 'व्हर्च्युअल' किंवा 'स्यूडो' दिसलं तर गेमसाठी घेऊ नका. ॲप टाकू देत नसतील तर यूट्यूबवर ३६० डिग्री व्हिडिओ लावा, फोन झटकन फिरवून परत जागेवर आणा, चित्रपण लगेच जागेवर आलं पाहिजे. घरच्यांच्या कॉलिंगला, व्हॉट्सॲपला ४ स्टार. गेमसाठी १, आणि ते लेखी उत्तर येईपर्यंत १ च राहणार.