दोन मिनिटांची पोज की दोन तासांची?

समोरच्या मॉडेलवरून माणसाची आकृती रेखाटायची, तर पोज दोन प्रकारची: झटपट आणि दीर्घ. झटपट पोज ३० सेकंद ते २ मिनिटांची. त्यासाठी साधा न्यूजप्रिंट कागद पुरतो. चारकोल आडवा धरायचा आणि हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचा. आधी डोक्यापासून टेकलेल्या पायापर्यंत एकच ओघाची रेषा, मग खांद्यांचा आणि कमरेचा कल. वजन एका पायावर असलं की त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा बहुधा खाली येतो. हा उलटा कल सापडला की आकृती कागदावर तोल धरते. बरेच जण चेहऱ्यापासून बाह्यरेषा काढत खाली येतात; वेळ संपते आणि पावलं कागदाबाहेर जातात.

दीर्घ पोजमध्ये पेन्सिलीने मापं घ्यायला उसंत मिळते. पेन्सिल धरलेला हात ताठ, एक डोळा मिटलेला. कोपर जरा वाकलं तरी माप खोटं ठरतं. उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी (स्वतःच्या डोक्याच्या साडेसातपट) उंच, मध्य जांघेपाशी. दर २०-२५ मिनिटांनी मॉडेलला विश्रांती लागते, म्हणून पावलांभोवती खडूने खुणा कराव्यात. तरीही शरीर हळूहळू सैलावतं. आधीचं डोकं आणि तासाभरानंतरचं धड जोडलं तर मान जुळत नाही. सगळे कल पहिल्या १५ मिनिटांतच पक्के करावेत.

नवख्यांनी झटपट पोजपासूनच सुरुवात करावी. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात (आठवणीतून काढायच्या चित्रात) समोर मॉडेल नसतंच, तिथेही हाच सराव कामी येतो. तीन तासांच्या वर्गात पहिला अर्धा तास झटपट, उरलेला वेळ एकाच पोजला द्यावा.