‘चार्म पर्सन’चा एक तास आणि त्यानंतरचा हिशेब

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून भूमिका वठवायच्या खेळाचं नवं नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, सप्टेंबर 2024 मध्ये आलं. 384 पानांच्या या पुस्तकातला एकच कोपरा इथे तपासला आहे: समोरच्याचं मन वळवणारे स्पेल्स, म्हणजे जादूचे प्रयोग. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल वाचताना चूक झाली तर डॅमेजचा आकडा चुकतो, पुढच्या राउंडला दुरुस्त करता येतो. चार्म पर्सन हा माणसाला मित्र बनवणारा स्पेल चुकीचा वाचला तर मात्र सगळं कॅम्पेनच, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथाच, भलतीकडे वळते. त्यामुळे इथे शब्दन्‌शब्द पाहावा लागतो.

सगळ्यात जास्त टेबलांवर होणारी चूक म्हणजे चार्म्ड झालेला माणूस आपल्या ताब्यात आला असं समजणं. चार्म्ड कंडिशन (भुरळ पडल्याची अवस्था) दोनच गोष्टी करते. तो माणूस स्पेल टाकणाऱ्यावर हल्ला करू शकत नाही, त्याला इजा होईल असं काही त्याच्यावर वापरू शकत नाही. आणि त्याच्याशी बोलताना स्पेल टाकणाऱ्याला चेकवर, म्हणजे यश ठरवणाऱ्या फाशावर, ॲडव्हांटेज मिळतो: दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. चार्म पर्सन त्यात एवढीच भर घालतो की तो तासभर तुम्हाला मित्र मानतो.

आता तुरुंगाच्या दारातला पहारेकरी घ्या. मित्राला तो काय सांगेल? आत किती जण आहेत, पाळी कधी बदलते, साहेब कुठल्या वेळी जेवायला जातात, हे गप्पांच्या ओघात सांगून टाकेल. किल्ली देईल का? सख्ख्या मित्रालाही देणार नाही, कारण नोकरी जाईल. नव्या पुस्तकातली इन्फ्लुअन्स ॲक्शन (समोरच्याचं मन वळवायची कृती) हेच नियमात बसवते. माणूस तयार असेल तर फासा टाकायचाच नाही, ठाम नकार असेल तरीही नाही. तो घुटमळत असेल तरच चेक, आणि डीसी, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, 15 किंवा त्याची इंटेलिजन्स (बुद्धीचा आकडा), यातलं जे जास्त असेल ते. चेक फसला तर तीच गळ पुन्हा घालायला 24 तास थांबायचं. इथे एक बारकावा सुटतो. मित्रत्वामुळे ॲडव्हांटेज आहे आणि चार्म्डमुळेही आहे, पण दोन ॲडव्हांटेज एकावर एक चढत नाहीत. फासे दोनच टाकायचे. म्हणजे या स्पेलची खरी किंमत फाशात नाही. ठाम ‘नाही’चं ‘बघू’ होतं, ही त्याची कमाई. आणि ते ‘बघू’ ठरवायचं काम डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं.

आकडे पाहू. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचा (जादूगाराचा) डीसी साधारण 13. पहारेकऱ्याच्या विस्डम सेव्हला, म्हणजे स्पेल परतवायला टाकायच्या फाशाला, काहीच बोनस नसेल तर तो 60 टक्के वेळा फसतो. मारामारी सुरू झाल्यावर टाकलात तर त्याला ॲडव्हांटेज मिळतो आणि तुमची शक्यता 36 टक्क्यांवर घसरते. या लेव्हलला स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, दोनच असतात, त्यातला एक 36 टक्क्यांवर लावणं म्हणजे वाया घालवणं. तलवार उपसण्याआधी बोलायचं, हे या स्पेलचं पथ्य आहे.

सेव्ह यशस्वी झाला तर? डोळ्यांना दिसेल असा परिणाम नसलेला स्पेल आपल्यावर टाकला गेला हे समोरच्याला कळत नाही, हा नियम नव्या पुस्तकाने स्पष्ट केला, हे फार बरं झालं. पण मंत्र नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणावाच लागतो. चार्म झालेला मित्र गप्प बसेल, त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा पहारेकरी नाही बसणार. म्हणून जिथे जादू सर्रास चालते तिथे पहारा जोडीने ठेवणं शहाणपणाचं. दोघांना धरायचं तर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट लागतो. सॉर्सररकडे (दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराकडे) सटल स्पेल ही गुपचूप स्पेल टाकायची युक्ती असेल तर एका सॉर्सरी पॉइंटमध्ये तोंड उघडायचीही गरज राहत नाही.

या स्पेलमधलं सगळ्यात सुंदर वाक्य शेवटचं आहे: स्पेल संपला की आपल्याला कोणी चार्म केलं हे त्या माणसाला कळतं. 1978 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये पुन्हा सेव्ह करायची मुदत इंटेलिजन्सवर ठरायची. 18 इंटेलिजन्सवाल्याला दोन दिवसांनी संधी, 3 वाल्याला तब्बल तीन महिन्यांनी. मंदबुद्धी शत्रूला पकडून फुकटचा नोकर करणं हाच तेव्हाचा सरळ मार्ग होता. आज तास ठरलेला आणि हिशेबही ठरलेला. फसवणुकीला किंमत आहे हे नियमच सांगतो, आणि कथा तिथूनच पुढे सरकते.

तक्रार आहे ती त्यापुढच्या शांततेबद्दल. कळल्यावर तो काय करतो, यावर पुस्तक गप्प आहे. 2014 च्या पुस्तकातला फ्रेंड्स हा मैत्रीचा स्पेल निदान सांगायचा की समोरचा शत्रू होतो. नव्या फ्रेंड्समध्ये विस्डम सेव्ह आला, एकाच माणसावर 24 तासांत दुसऱ्यांदा चालत नाही हे आलं, दोन्ही योग्यच. शत्रुत्वाचं वाक्य मात्र गेलं. दोन नाणी कमी घेतलेला दुकानदार सुरा काढत नाही, हे खरं. पण नवख्या डीएमला आधार उरला नाही. स्पेल टाकताच तीन गोष्टी वहीत टिपाव्यात: तो कधी संपतो, त्या वेळात काय मागितलं, कोणी पाहिलं. नुसती माहिती घेतली असेल तर माणूस चिडेल, वरिष्ठांना सांगेल. त्याच्या हातून गुन्हा करवून घेतला असेल तर स्वतःची मान वाचवायला तो तुमचं वर्णन सगळ्यांना देईल.

सजेशन या सूचना पाळायला लावणाऱ्या स्पेलला हे वाक्यच नाही! स्पेल संपल्यावर कळतं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून दुसऱ्या लेव्हलचा हा स्पेल चार्मपेक्षा कितीतरी धोकादायक. मुदत आठ तास, कॉन्सन्ट्रेशन (सतत लक्ष) लागतं. तुम्ही किंवा साथीदारांनी इजा केली की तुटतो. सांगितलेलं काम लवकर आटोपलं तर तिथेच संपतो, म्हणून काम लांबणारं सांगावं. जुन्या पुस्तकात सूचना ‘वाजवी वाटेल’ अशी हवी होती आणि त्यावरून तासन्‌तास वाद व्हायचे. आता ती शक्य वाटावी, उघडपणे त्याला किंवा त्याच्या साथीदारांना इजा करणारी नसावी, आणि 25 शब्दांत बसावी. मोजता येणारी अट ही मोठी सुधारणा. मराठीत खेळताना मात्र 25 शब्द ऐसपैस होतात, कारण विभक्ती शब्दालाच चिकटते. ‘पहारा सोडून घरी जा आणि सूर्य उगवेपर्यंत दरवाजा उघडू नकोस’ हे झाले फक्त दहा. मराठी टेबलावर मर्यादा 15 वर आणावी.

पुरावा पुसायला मॉडिफाय मेमरी आहे, पाचव्या लेव्हलचा. तो 24 तासांच्या आतली, जास्तीत जास्त दहा मिनिटांची घटना बदलतो. चार्म तासभर चालतो. पुढे स्मृती पुसायचा बेत असेल तर गप्पा दहा मिनिटांत उरकाव्या लागतात, नाहीतर उरलेली पन्नास मिनिटं त्याच्या डोक्यात तशीच राहतात. माणसाला पूर्ण ताब्यात घेणाऱ्या डॉमिनेट पर्सनकडून पांघरुणाची अपेक्षाच नको. मिनिटभराचा स्पेल, प्रत्येक घावाला नवा सेव्ह. तो लढाईतच वापरावा.

घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. चार्म पर्सन फक्त ह्युमनॉइडवर, म्हणजे माणसासारख्या जीवांच्या वर्गावर, चालतो, आणि 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअल या खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात गॉब्लिन आता फे (परीलोकातले जीव) या वर्गात गेले आहेत, कोबोल्ड ड्रॅगन या वर्गात. सुरुवातीच्या लेव्हलला भेटणारे नेमके हेच! गॉब्लिनच्या गुहेत जायचं ठरलं असेल तर तो तयार करून नेऊ नका. गावातल्या राजकारणाचं कॅम्पेन असेल तर नक्की घ्या. 2014 ची प्रत हाताशी असलेल्यांनी सजेशनच्या अटी आणि फ्रेंड्सचा सेव्ह नव्या पुस्तकातून उचलावा, आणि फ्रेंड्सचं शत्रुत्वाचं वाक्य जुन्यातलंच ठेवावं.