भाड्याचं घर सांभाळणारी सेवा: पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या घरमालकिणीचा अनुभव

मी ज्या विभागात काम करते तिथे आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि शिफ्ट संपल्यावरच तो हातात येतो. त्यामुळे गुंतवणूक म्हणून पहिलं घर घेतानाच ठरवलं होतं, की भाडेकरूचा फोन उचलायला दुसरं कुणीतरी हवं. पहिला भाडेकरू गेला, दुसरा आला, या सगळ्या काळात हे घर एका व्यवस्थापन सेवेकडेच आहे. सेवेचं नाव देत नाही. अटी मात्र जशा आहेत तशा सांगते, म्हणजे त्या कुठल्याही सेवेला लावून बघता येतील.

दर असा: वसूल झालेल्या भाड्याच्या 10 टक्के, शिवाय नवीन भाडेकरू आणला की अर्ध्या महिन्याचं भाडं. टक्के ठरलेल्या भाड्यावर नकोत, हातात आलेल्या भाड्यावर हवेत, हे मी आग्रहाने लिहून घेतलं. नाहीतर भाडं थकलं तरी त्यांचं बिल येतच राहतं. दुसरी अट, भाडेकरू सहा महिन्यांच्या आत गेला तर पुढचा फुकट शोधून द्यायचा. भाडेकरू बदलला की सेवेला पैसे मिळतात, मालकाचं मात्र घर रिकामं पडतं. म्हणून ही अट सोडू नका.

हिशेब घर घ्यायच्या आधी मांडा. समजा, वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या 5 टक्के आहे. हे भाडं 100 धरलं, तर एक महिना घर रिकामं राहिलं की 8 गेले. सेवेचे 9. दुरुस्तीसाठी दरवर्षी किमतीच्या 1 टक्का बाजूला काढावा असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे आणखी 20. उरले 63. त्यातून नवीन भाडेकरू आणल्याचं अर्ध्या महिन्याचं भाडं, विमा आणि कर द्यायचेत. आणि किमतीच्या 80 टक्के कर्ज 8 टक्के व्याजाने काढलं असेल, तर पहिल्या वर्षी नुसतं व्याजच याच मापात 128 च्या घरात जातं. अशा घराला सेवेचे 9 वाचवून काहीच फरक पडत नाही, दर महिन्याला पगारातून भर घालावीच लागते. मी डाउन पेमेंट वाढवूनच हे घर घेतलं.

आता सेवेबद्दल. भाडं गोळा करण्यासाठी मला त्यांची गरज नव्हती, ते काम भाडेकरूने बँकेत दिलेली, दर महिन्याला आपोआप भाडं पाठवणारी स्थायी सूचनाही करते. खरा उपयोग भर दुपारी होतो. बेसिनखालचा पाइप गळायला लागल्याचा भाडेकरूचा निरोप अकराच्या सुमारास आला होता. मी शिफ्ट संपवून फोन हातात घेतला, तोवर प्लंबर येऊन गेला होता आणि जोड बदलल्याचा फोटोही आला होता. गळती, वीज आणि कुलूप यांसाठी मला विचारायचं नाही, बाकी दुरुस्ती ठरलेल्या रकमेच्या वर गेली तर विचारायचं, असं करारात आहे.

त्यांचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे घर ताब्यात देतानाचा अहवाल. खोलीवार तारखेचे फोटो, मीटर रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि खाली दोघांच्या सह्या. सिंकखालच्या कपाटाची तळफळी एका कोपऱ्यात फुगलेली होती, तिचाही जवळून काढलेला फोटो होता. पहिला भाडेकरू निघताना त्या फळीचा विषय निघाला, तेव्हा तोच फोटो उघडला. फळी आधीपासून तशीच होती, म्हणून डिपॉझिट पूर्ण परत दिलं. पाच मिनिटांत विषय मिटला.

भाडेकरू निवडण्यातही त्यांनी कसर केली नाही. उत्पन्न भाड्याच्या किमान तिप्पट आहे का हे बघितलं, आणि सध्याच्या मालकावर न थांबता त्याच्या आधीच्या मालकालाही फोन केला. सध्याच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो चांगलंच बोलणार ना!

तक्रारी दोन. दुरुस्तीच्या प्रत्येक बिलावर ते 15 टक्के वर लावतात आणि ही गोष्ट करारात शेवटच्या परिशिष्टात बारीक अक्षरात आहे. सहीपूर्वी हे तोंडाने सांगायला हवं होतं. मी आता कारागिराची मूळ पावती मागते, ती न चुकता मिळते. दुसरी तक्रार जास्त महागात पडली. घर रिकामं असताना ते फक्त कामाच्या दिवशी अकरा ते पाच दाखवायचे. ज्यांना ते घर परवडेल ती माणसं त्या वेळेला आपापल्या नोकरीवरच असणार! मी संध्याकाळची आणि रविवारची वेळ लावून घेतली, त्यानंतर लगेच घर भाड्याने गेलं.

5 पैकी 4 तारे. घर चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि कामावरून तासभर सुटता येत असेल, तर फक्त भाडेकरू शोधण्यापुरती सेवा घ्या आणि अहवालाचा तो नमुना मागून घ्या. माझ्यासारखी शिफ्ट असेल तर पूर्ण सेवा घ्या, पण परिशिष्टं आधी वाचा.